गाईची लस, कोळणीची लेक

आमच्या आळीतली मुले देवीच्या साथीतून वाचली, ही गोष्ट सांगायला आळीत सगळ्यांना आवडते. कशी वाचली ते कोणी सांगत नाही. फारच खोदून विचारले तर "सरकारी काचेतली लस होती" म्हणतात आणि आंब्याच्या मोहोराचा विषय काढतात. ती काचेतली नव्हती. हे सगळे आमच्याच घरात झाले आणि मी तिथे उभा होतो. पत्रकात लिहिण्यासारखे हे नाही. पत्रकात लाज दुसऱ्याला वाटावी अशी लिहायची असते.

त्या वर्षी मी ठाण्याला कचेरीत उमेदवारी करत होतो. उमेदवारी म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची पत्रे नकलायची. संध्याकाळी आम्ही काही समवयस्क एका छापखान्याच्या माडीवर जमत असू आणि पत्रके काढत असू. विहिरीच्या काठावर भांडी घासण्याविरुद्ध, उघड्या गटारांविरुद्ध, आजाऱ्याच्या खोलीची खिडकी बंद करण्याविरुद्ध. आम्ही सगळ्याच्याच विरुद्ध होतो. शनिवारच्या गाडीने मी कल्याणला घरी जाई आणि रविवारी आळीत पत्रके वाटत फिरे. समोरच्या घरातल्या काकू पत्रक घेत, उलटसुलट बघत आणि म्हणत, "छान आहे हो कागद. कुरडया वाळत घालायला होईल."

एक पत्रक मात्र काकूंनीही वाचून घेतले. ते देवी टोचून घेण्याविषयी होते. लोकांना सुईचे भय, सरकारचे भय, आणि देवीचा कोप होईल याचे भय. मी एक युक्ती केली. मी लिहिले की ही लस मुळात गोमातेची. गाईच्या सडावर जो फोड येतो त्यातले हे पाणी. ते माणसाच्या दंडाला लागले की देवी त्याला शिवत नाही. ज्या गाईचे दूध पिता, जिचे शेण घराला सारवता, तिने दिलेले एवढे दान तुम्हाला नको झाले काय? वाक्य मला फार आवडले होते. माडीवरच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "कधी नव्हे ते शहाण्यासारखं लिहिलंस." आळीतले पंचांग सांगणारे बुवा, जे एरवी माझ्याशी बोलत नसत, त्यांनीही मान हलवली.

गाय आणि वाचणाऱ्याचे मूल यांच्या मधे काय असते, ते मी लिहिलेच नव्हते. सोपे व्हावे म्हणून गाळले.

माघ सरता सरता देवी कल्याणात आली. कुठल्या घरात आली ते कोणी सांगत नसे, पण नाकाला कळे. देवी घरात असली की फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. एकेका घरातून हिंग-मोहरीचा वास यायचा बंद झाला आणि दाराला कडुलिंबाचे डहाळे दिसू लागले. शेजारपाजारच्या बायका "आमच्याकडे उपास आहे" असे सांगत. इतके उपास एकाच आळीत मी पाहिले नव्हते.

घरी आक्का होती, माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला आलेली. तिची परत पाठवणी लांबली होती, कारण ठाण्यात तिच्या सासरच्या शेजारी आधीच देवी आलेली. सासूबाईंनी निरोप धाडला होता की निवळेपर्यंत तिकडेच राहू दे. आता इकडे साथ आली होती आणि आक्काचा मुलगा पाच महिन्यांचा होता. गोरा, गुबगुबीत, हात पुढे केला की झेप घेणारा. त्याला टोचलेले नव्हते. आक्का दिवसातून दहादा त्याचे कपाळ चाचपून बघे. मी शनिवारी दारात पाऊल ठेवले की "आला का रे तुझा डॉक्टर?" हा पहिला प्रश्न.

डॉक्टर म्हणजे देवीचा डॉक्टर. गावोगाव हिंडून टोचणारा सरकारी माणूस. मी ठाण्याहून खटपट करून त्याला बोलावले होते. बाबांनी आमच्या ओटीवर सभा घेतली, सगळी आळी आली आणि सगळ्यांनी कबूल केले की पुढच्या रविवारी मुले टोचून घ्यायची. बाबांनी भाषण केले. त्यात गोमाता चारदा आली.

रविवारी सकाळी डॉक्टर आला. तपकिरीने नाक लाल झालेला, घामाघूम, तोंडाने सतत कुरकुर: बैलगाडीची, उन्हाची, साहेबाची. त्याच्यामागून एक कोळीण आली. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लुगडे, केसांत अबोली, कडेवर वर्षाच्या आतली मुलगी. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीकाठी तिचा कोळीवाडा. भरतीबरोबर होडीने कल्याणच्या बंदराला लागली होती आणि ओहोटी लागायच्या आत तिला परत निघायचे होते.

"ही कोण?" बाबांनी विचारले.

"ही म्हणजे तुमची लस," डॉक्टर म्हणाला, आणि पोरीच्या दंडावरचे फडके सोडले. दंडावर मोत्यासारखे टपोरे फोड होते. "आज आठवा दिवस. आज फोड भरलेत. ह्यातलं पाणी घ्यायचं आणि तुमच्या मुलांच्या दंडात सोडायचं. उद्या ते गढुळतं, परवा उपयोग नाही. बोलवा मुलांना."

ओटीवर कोणी हलले नाही.

त्यांना दंडावरून दंडावर लस जाते हे ठाऊकच नव्हते. कसे असणार? मी गाय सांगितली होती. कोळीण आणि तिची मुलगी मागच्या अंगणात गोठ्याशी नेऊन बसवल्या गेल्या, आणि ओटीवर दुसरी सभा भरली. ही सभा मला आठवते तेव्हा कानशिले तापतात.

बुवा मला म्हणाले, "काय रे, तू तर गाईचं म्हणाला होतास."

"मुळात गाईचंच."

"मग गाईकडून थेट आणा. मधे कोळीण कशाला?"

"तिच्या अंगातलं पाणी आमच्या मुलांच्या अंगात?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले. "मासे खाऊन वाढलेलं रक्त ते."

"ती अजून दूध पिते हो!" मी ओरडलो.

"कोणाचं? तिच्या आईचंच ना? आणि आई काय खाते?"

हशा पिकला. डॉक्टरने तपकिरीची डबी जोरात मिटली. "तासाभरात माझी कोळीण जाणार. मग बसा इथे हसत."

तेव्हा बाबांनी हात वर केला. बाबा आळीतले शहाणे समजले जात, भांडणे मिटवायला लोक त्यांच्याकडे येत. त्यांनी जो तोडगा काढला तो आमच्याच लोकांना सुचू शकतो. ते म्हणाले, "चढवत न्यावी. आज कोळणीच्या पोरीवरून आपल्या गवळ्याच्या पोराला टोचा. आठ दिवसांनी गवळ्याच्या पोरावरून शिंप्याच्या. शिंप्यावरून सोनाराच्या, सोनारावरून वाण्याच्या. आणि वाण्यावरून आपल्या. इथवर येईतो ती कोळणीची उरणार नाही."

"वा!" बुवा म्हणाले. "शास्त्राला धरून आहे."

"अहो, ही लस आहे," डॉक्टर म्हणाला, "गाळून गाळून घ्यायला ताक नव्हे! दर पायरीला आठ दिवस. तोवर देवी काय तुमच्या पंक्तीची वाट बघत थांबणार?"

मी उभा राहून बोललो. काय बोललो ते सांगत नाही. पत्रकातल्यासारखेच बोललो, पल्लेदार. बाबा शांतपणे म्हणाले, "बस खाली. तुझं वाचून झालंय आमचं." पुन्हा हशा. मग सगळ्यांनी मिळून गवळ्याला निरोप धाडला.

मी मागच्या अंगणात गेलो. कोळणीला काहीतरी बोलावे, माफी मागावी असा विचार होता. पण आक्का माझ्याआधी तिथे होती. बाळाला घेऊन गोठ्याच्या खांबाला टेकून उभी. कोळीण जमिनीवर बसून मुलीला पाजत होती आणि वर आक्काकडे बघत होती.

"काय गो बाय, तुमचे पुरुषांचा काय ठरला?"

"गवळ्याला टोचणार आधी," आक्का म्हणाली.

"का? गवलीच आधी मरतंय का?"

आक्काला हसू आले आणि लगेच रडू. तिने सगळे सांगितले, पायऱ्या आणि सोनार आणि वाणी. कोळणीने ऐकून घेतले. मग मुलीच्या दंडाकडे बघत म्हणाली, "माजे पोरीचा हात हाय गो हा. तुमचा जिना नाय."

"माझ्या मुलाला टोचू देशील?" आक्काने विचारले. "आत्ता. इथेच."

कोळणीने मुलीचे तोंड पदराने पुसले. मग म्हणाली, "एक सांगतंय. माजी भैन शिमग्याला माजे घरा येनार, तिचे गावान देवी आलीय. तिची दोन पोरां, टोचलेली नाय. तवा माजे पोरीचे फोड सुकलेले आसतील. तुजे पोऱ्याचे भरलेले आसतील ना पुढचे ऐतवारी? मी भैनीला न पोरांना घेऊन बंदरावर येतंय. तू तुजा पोऱ्या बंदरावर आन. एवराच."

"आणते," आक्का म्हणाली.

"बामनाची बाय तू. आनशील?"

"आणते म्हटलं ना!"

कोळणीने माझ्याकडे पाहिले. "न तू, दादूस? तू कोन हिचा?"

"भाऊ. मी आणीन तिला. माझा शब्द."

"दोगांचा शब्द झाला," ती म्हणाली, आणि मुलीचा दंड पुढे केला.

मी डॉक्टरला मागच्या दाराने आणले. त्याला काही सांगावे लागले नाही. त्याने पोरीचा एक फोड सुईच्या टोकाने हलकेच फोडला, ते पाणी सुईवर घेतले आणि आक्काच्या बाळाच्या दंडावर चार ठिकाणी ओरखडे काढले. दोन्ही मुले एकदम रडली. कोळीण आणि आक्का एकदमच "झाला गो, झाला" आणि "झालं हं, झालं" म्हणत त्यांना हलवू लागल्या. पुढच्या ओटीवर तेव्हा गवळ्याचा मुलगा आला होता आणि सगळी आळी त्याचा दंड बघायला गोळा झाली होती.

बाबांना दुसऱ्या दिवशी कळले. मी तेव्हा ठाण्याला होतो. आक्काने नंतर सांगितले. ते ओरडले नाहीत. त्यांनी बाळाचा दंड गोमूत्राने धुवायला लावला. आईने धुतला, हळूच, ओरखड्यांना न लावता आजूबाजूने. त्यानंतर त्यांनी बाळाला घेतले नाही. बाळ मात्र नेहमीसारखे त्यांच्याकडे झेप घ्यायचे.

आणि तो गवळी पळाला. ज्या आळीने त्याला कधी ओटीवर बसू दिले नाही ती आळी त्याच्या पोराची रोज विचारपूस करू लागली. बुवा स्वतः जाऊन दंड पाहून आले, काकूंनी खाऊ पाठवला, शिंपी येऊन फोड किती वर आले ते बघून गेला. गवळी घाबरला. ह्यांच्या मनात माझ्या पोराचे काहीतरी करायचे आहे, असे त्याला वाटले. त्याने म्हशी भावावर सोपवल्या आणि पोराला घेऊन बायकोच्या माहेरी मुरबाडकडे निघून गेला. मला त्याच्यात काही चुकीचे दिसत नाही.

त्याच आठवड्यात बुवांची नात देवीने गेली. सहा वर्षांची, दारात सागरगोटे खेळणारी.

मी शनिवारी घरी आलो तेव्हा आळीत कुठेच फोडणीचा वास नव्हता. बाबा ओटीवर बसलेले, पांढरेफटक. मला पाहून म्हणाले, "उद्या डॉक्टर येतोय ना?"

"येतोय."

"बाळाचे फोड भरलेत." मग खालच्या आवाजात, "आपल्या नातवाच्या दंडावरचं घ्यायला कोणाची हरकत नसावी."

मला आनंद झाला. वाटले, बाबा बदलले. मी म्हणालो, "म्हणजे सगळ्यांना सांगू या, की कोळणीच्या मुलीवरून टोचलं आणि बाळ ठणठणीत आहे."

"सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "काचेतली होती. बाळाला दिली ती सरकारी, ठाण्याहून काचेत भरून आलेली. मी तसं सांगितलंय बुवांना. त्यांच्या घरात अजून दोन मुलं आहेत. खरं सांगितलं तर आणतील का ते?"

हे त्यांचे म्हणणे मला तेव्हा खोडता आले नाही. आजही येत नाही. म्हणूनच ते जास्त लागते.

रविवारी सकाळपासून आमच्या दारात गर्दी. आई उंबऱ्याच्या आत बसली, मांडीवर बाळ, दंड उघडा. डॉक्टर शेजारी. एकेक मूल आत येई, टोचून घेऊन रडत बाहेर जाई. काकू त्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाकडे बघत म्हणाल्या, "गेल्या रविवारी ती कोळीण आलेली, तिचं नव्हे ना हे?"

"छे," आई म्हणाली.

"तेच म्हटलं. ती लसच निराळी." आणि मला डोळा मारावा तसे बघून त्यांनी नातवाचा सदरा वर केला. काकूंना ठाऊक होते. बुवांनाही असावे. बहुतेक सगळ्यांना ठाऊक होते. ते कोणी मोठ्याने म्हणत नव्हते, एवढेच.

आक्का माझ्याजवळ आली. "बंदरावर जायची वेळ झाली. ती आली असेल."

डॉक्टरने ऐकले. म्हणाला, "एक फोड राखून ठेवलाय मी. तिथली दोनच मुलं ना? पुरेल. पण मूल न्यायला हवं, किंवा त्यांना इथे आणा."

"इथे?" बाबा एकदम उठले. "ती इथे आली तर सगळं उघडं होईल. बुवा अजून बसलेत ओटीवर."

"मग मी बाळाला घेऊन जाते," आक्का म्हणाली. "मागच्या दाराने. हा भाऊ आहे ना माझ्याबरोबर."

"दिवसाढवळ्या कल्याणच्या बंदरावर माझी मुलगी कोळणीसाठी मूल घेऊन उभी राहणार? आणि सासरी कळलं तर?"

"मी शब्द दिलाय, बाबा."

"मला विचारून दिलास?"

ती आईकडे वळली. आईने बाळावरचा हात काढला नाही, वरही पाहिले नाही. आक्का आईच्या मांडीवरून बाळ उचलायला वाकली, आणि आई म्हणाली, "अगं, उन्हं बघ किती." एवढेच. आक्काचा हात तिथेच राहिला.

मी काय करत होतो? मी वाद घालत होतो. पल्लेदार. समता आणि माणुसकी आणि शब्दाची किंमत. बाळ माझ्या हाताच्या अंतरावर होते, आणि बाळ उचलून निघून जाणे मला सुचलेच नाही. मी बोलत असतानाच मामलेदार कचेरीतले एक बडे कारकून आले, दोन मुलांना घेऊन. बाबांनी हात जोडून त्यांना पुढे घेतले. डॉक्टर म्हणाला, "आता नाही हो, एकच राहिलाय, तो दिलेला आहे."

"कोणाला?" कारकुनांनी विचारले.

बाबांनी डॉक्टरकडे पाहिले. डॉक्टरने बाबांकडे, कारकुनांकडे, मग सुईकडे. त्याला ह्याच तालुक्यात नोकरी करायची होती. त्याने शेवटचा फोड उघडला. आक्का आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

शेवटी फोडात जे उरले होते ते डॉक्टरने पिळून काढले, एका काचेवर घेतले आणि वर दुसरी काच ठेवली. पातळ पाणी, थोडे रक्त मिसळलेले. "हे घेऊन जाऊ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "धरेल असं नाही. न जाण्यापेक्षा बरं."

बंदरावर ती होती. होडीच्या सावलीला बसलेली, शेजारी तिची बहीण, आणि बहिणीची दोन मुले: एक थोरला मुलगा, एक धाकटी मुलगी. शिमगा दुसऱ्या दिवशी. मुलांच्या अंगात नवे कपडे होते, मुलीच्या गळ्यात साखरेची माळ. तिने ती चोखून चोखून चिकट केली होती. कोळीण आम्हाला पाहून उठली आणि आमच्या मागे बघू लागली. वळणापर्यंत बघितले.

"बाय मागून येते का?"

डॉक्टरने काचा पुढे केल्या.

"न पोऱ्या? तो ह्यान मावला का?"

"बाळाला ऊन लागेल म्हणून," मी म्हणालो. आईचे वाक्य. माझ्या तोंडून ते कसे आले कोण जाणे. "पण त्याच्याच दंडावरचं आहे हे. शेवटचं थोडं राहिलं होतं."

"आधी कोनला दिला?"

"आळीतल्या मुलांना."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर द्यायची मला सवय होती. ती म्हणाली, "माजे पोरीचा तुमी सगल्यांनी घेतला, न आमाना उष्टा आनलास, दादूस?"

बहीण तिला म्हणाली, "चल गो, जाऊ." पण तिने बहिणीच्या मुलाला पुढे ढकलले. "टोच. आलाव तं टोच. पानी उतरतंय." डॉक्टरने दोघांनाही टोचले. धाकटीने माळ सोडली नाही. मग ती सगळी होडीत बसली आणि ओहोटीबरोबर होडी खाली सरकली. तिने मागे वळून पाहिले नाही. मी मात्र होडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो, जणू त्याने काही होणार होते.

ते धरले नाही. डॉक्टरने कचेरीत येऊन मला सांगितले. दोघांच्याही दंडावर नुसते ओरखडे, फोड नाहीत. भिवंडीच्या बाजूला त्याने एक मूल टोचले होते, त्याचा आठवा दिवस येत होता. तेव्हा ते मूल आणि त्याची आई घेऊन तो कोळीवाड्यात जाणार होता. मी रजा मागितली, मिळाली नाही, तरी गेलो.

आम्ही होडीतून उतरलो तेव्हा वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमागे बायका उभ्या होत्या. डॉक्टरने भिवंडीच्या मुलाचा दंड दाखवला आणि मुले आपणहून पुढे आली. आमच्या ओटीवर झाली तशी सभा इथे झाली नाही. एका म्हातारीने मात्र विचारले, "हा कुनाचा?" आणि उत्तर ऐकायच्या आतच नातीला पुढे केले.

त्या कोळणीच्या घराच्या दाराला कडुलिंब होता. ती बाहेर जाळे पसरून बसली होती. तिची मुलगी, जिच्या दंडावर आता खपल्या होत्या, जाळ्यावरून रांगत होती. आतून थोरल्या मुलाच्या कण्हण्याचा आवाज येत होता. तो नंतर बरा झाला, एक डोळा गेला. धाकटी आदल्या दिवशी गेली होती. हे मला तिने सांगितले नाही, डॉक्टरने सांगितले. बहीण आत होती. ती बाहेर आली नाही.

मी समोर उभा राहिलो. वाटेत मी बरेच काही ठरवून आलो होतो. त्यातला एकही शब्द त्या अंगणात म्हणण्याजोगा नव्हता.

तिनेच विचारले. "तुजा भाचा बरा हाय नं?"

"आहे."

"न आळीतली पोरां?"

"तीही."

तिने जाळ्यातली एक गाठ दातांनी तोडली. "मंग घरा जाऊन सांग, का त्यांना माजे पोरीनं वाचवला. काच नको सांगू. डागदर बोलला मना, तुमी काच सांगता." तिच्या आवाजात राग नव्हता, काम सांगावे तसा आवाज होता. "सांगशील?"

"सांगीन," मी म्हणालो.

त्या शनिवारी मी घरी गेलो. आळीत पुन्हा फोडणीचे वास येत होते. बाबा ओटीवर बसलेले, मांडीवर बाळ. ते आता त्याला घेत होते. समोरच्या ओसरीवर काकू तांदूळ निवडत होत्या आणि बुवांची दोन्ही नातवंडे रस्त्यात पळत होती, दंडावर खपल्या. आक्का दारात येऊन उभी राहिली. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. तिने विचारले, "कोण?"

"धाकटी," मी म्हणालो. आणि मग बाबांना म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "बाबा, ती कोळीण म्हणाली की तिच्या मुलीनं..."

"हळू," बाबा म्हणाले, आणि समोरच्या ओसरीकडे नजर टाकली.

काकूंचे सूप थांबले होते. त्या ऐकायला वाट बघत होत्या. कदाचित मी बोललो असतो तर त्यांनी नुसते "हो का" म्हटले असते. आक्का माझ्याकडे बघत होती.

मी बाबांच्या जवळ जाऊन खाली बसलो, आणि उरलेले वाक्य हळू आवाजात सांगितले.